जाऊबाई आणि ढिली क्लिप

जाऊबाई आजही उघडल्या नव्हत्या.

प्रेशरसाहेबांनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, शेवटी काचेला नाक टेकवून पाहिलं. टाकीच्या मधोमध दगडावर जाऊबाई अंग चोरून बसल्या होत्या. कधीकाळी हेच प्रवाळ म्हणजे हिरव्यागार बोटांचा झुपका होता. प्रत्येक बोटाच्या टोकाला इवलीशी हातोडी, आणि त्या सगळ्या हातोड्या पाण्यात अशा डुलायच्या की बघणाऱ्याचा चहा गार व्हायचा. आता तिथे भांडी घासून झिजलेला ब्रश तेवढा दिसत होता.

जाऊबाई हे नाव साहेबांच्या बायकोने ठेवलेलं. या प्रवाळाशेजारी दुसरं कुठलंही प्रवाळ आणून बसवलं, की हे त्याला गुपचूप डंख मारून गार करायचं आणि मग काही घडलंच नाही अशा थाटात डोलत राहायचं. “अगदी माझ्या थोरल्या जाऊबाई!” बायको म्हणाली होती. तेव्हापासून खऱ्या थोरल्या जाऊबाई घरी आल्या की ती त्यांना नेमकी टाकीसमोरची खुर्ची द्यायची आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून हसायची.

ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं. तिच्या हातचे जिवंत असे घरात आता तीनच जीव उरले होते. एक या जाऊबाई. दुसरा त्यांच्या बोटांमध्ये घर करून राहिलेला केशरी मासा, त्याला ती ‘भाडेकरू’ म्हणायची. आणि तिसरी काचेवरचं शेवाळ खाणारी एक गोगलगाय, जिला साहेबांनी स्वतः ‘कायम रजेवरची कर्मचारी’ असं नाव दिलं होतं. गॅलरीतल्या कुंड्यांमधली झाडंही तिचीच, पण ती साहेबांच्या देखरेखीखाली एकेक करून सेवानिवृत्त झाली होती.

साहेबांची उभी हयात पाणीपुरवठा खात्यात गेली. नळाला पाणी नाही म्हणून कुणी रडत आलं की ते पहिला प्रश्न विचारायचे, “प्रेशर किती आहे?” खात्याने त्यावरून नाव ठेवलं, ते शेजाऱ्यांपर्यंत आलं, मग घरात शिरलं. शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात डॉक्टर रक्तदाबाबद्दल बोलायला लागले, तेव्हा बायकोने उशीवरूनच साहेबांकडे बोट दाखवलं होतं. “प्रेशरचं त्यांना विचारा. त्यातलं त्यांना सगळं कळतं.”

त्याच संध्याकाळी ती म्हणाली होती, “जाऊबाईंना सांभाळा हं. आणि तो कोपऱ्यातला पंप...” पुढचं खोकल्यात बुडालं.

“त्याची काळजीच सोड,” साहेब म्हणाले होते. “रोज सकाळी सरळ करीन.”

त्यावर ती खोकता खोकता हसली होती. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिने साहेबांचा हात थोपटला आणि डोळे मिटले. साहेबांना वाटलं, चला, हिचा जीव भांड्यात पडला.

त्या पंपाचीही एक कथाच होती. टाकीच्या कोपऱ्यात क्लिपने अडकवलेला एवढासा पंप. पाणी हलतं ठेवणं एवढंच त्याचं काम. झोत नेमका जाऊबाईंच्या अंगावर पडावा अशा बेताने साहेबांनी तो स्वतः बसवला होता. पण क्लिप ढिली निघाली. सकाळी पंप सरळ करून ऑफिसात जावं, आणि संध्याकाळी येऊन बघावं तर हा मान वाकडी करून काचेकडे तोंड फिरवून बसलेला. निवृत्तीनंतरही तेच. सकाळी सरळ, आणि दुपारची डुलकी काढून उठेपर्यंत पुन्हा वाकडा. साहेबांनी क्लिप बदलली. पुन्हा बदलली. कंपनीला खरमरीत पत्रं लिहिली, त्यांची उत्तरं आली नाहीत. शेवटी चौथी क्लिप मात्र खणखणीत निघाली. गेलं वर्षभर ती केसभरही हलली नव्हती. साहेब रोज सकाळी तिला बोट लावून बघायचे आणि म्हणायचे, “याला म्हणतात क्लिप!”

पंप सरळ होता, पाणी स्वच्छ होतं, दिवे वेळेवर लागत होते, आणि तरीही जाऊबाई महिनोन् महिने आत आत जात चालल्या होत्या. तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात राहायची.

“बाबा, मी रविवारी येतेय. जाऊबाई कशा आहेत?”

“झक्कास!” साहेब म्हणाले.

“फोटो पाठवा ना.”

साहेबांनी बायकोचा फोन उघडला आणि त्यातला एक जुना, भरगच्च फुललेल्या जाऊबाईंचा फोटो शोधून स्वतःच्या फोनवरून पाठवून दिला. हे ते पहिल्यांदा करत नव्हते. असे फोटो त्या फोनमध्ये ढिगाने होते, आणि लेक समाधानी होती.

“छान दिसतायत,” लेक म्हणाली. “पण बाबा, दगदग होत असेल तर दुकानात देऊन टाका हं. आई काही रागवायची नाही.”

“दगदग कसली? अख्ख्या शहराला पाणी पुरवलंय मी!” साहेब गरजले, आणि फोन ठेवल्यावर खुर्चीत मटकन बसले. रविवारी लेक आपल्या डोळ्यांनी बघणार होती. आईच्या मागे बाबांनी तिची एक गोष्ट धड जगवली नाही, हे तिला दारातूनच दिसणार होतं.

संकटात साहेबांना एकच माणूस आठवायचा, तो म्हणजे मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. कारखान्यांमध्ये हवा खेळती ठेवणारे मोठमोठे पंखे बसवणं हा त्याचा धंदा. तो आला, टाकीपुढे उकिडवा बसला, आणि निदान करून मोकळा झाला.

“भावोजी, हे घुसमटलंय.”

“म्हणजे?”

“टाकी लहान पडतेय हो. आतलं वातावरण कसं कोंदट झालंय बघा. ताईच्या वेळी जाऊबाई लहान होत्या. आता त्यांचा संसार वाढला. हवा असो की पाणी, खेळतं पाहिजे म्हणजे पाहिजे.”

साहेबांना हे तंतोतंत पटलं, कारण त्यांनाही प्रश्न प्रेशरचाच वाटत होता. दोन तज्ज्ञांचं एकमत झालं, की तिसऱ्याला विचारायची गरज उरत नाही. दोघे तसेच उठले आणि मासेवाल्याच्या दुकानात गेले.

दुकानात अंधार होता आणि टाक्यांचे निळे दिवे जळत होते. गिऱ्हाईकं हळू आवाजात बोलत होती. “काल थोडं खाल्लं त्याने.” “रंग बरा आहे ना आज?” असलंच बोलणं चालणाऱ्या हॉस्पिटलातल्या खोलीबाहेर साहेब गेल्याच वर्षी बरेच दिवस बसले होते. मासेवाला उंच आणि हडकुळा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून आनंदाची बातमी कधी गेलीच नसावी.

“मोठी टाकी घेतली तर जगेल का हो?” साहेबांनी विचारलं.

“जगेल असं मी कुणाला सांगत नाही,” मासेवाला म्हणाला. “मी सामान विकतो.”

जेवणाच्या टेबलाएवढी टाकी ठरली. तिच्याखालच्या कपाटात दुसरी लहान टाकी. वरचं पाणी जाळीतून गळून तिथे येणार, तिथे एक यंत्र फेस काढून त्यातली घाण वेगळी करणार, आणि एक पंप ते पाणी पाइपातून पुन्हा वर ढकलणार. शिवाय वरच्या टाकीत लाटा उठवायला दोन बाजूंना दोन पंप.

“पाणी तासाला किती वेळा फिरलं पाहिजे?” साहेबांनी विचारलं.

“काही लोक म्हणतात दहा वेळा, काही म्हणतात वीस, काही चाळीस.”

“आणि बरोबर कोण?”

“सगळ्यांचीच मरतात,” मासेवाला म्हणाला.

साहेबांनी सगळ्यांत मोठ्या पंपांकडे बोट केलं. मासेवाल्याने भुवया उंचावल्या. “साहेब, मासे किती आहेत तुमच्याकडे?”

“एक.”

“मग हे कशाला?”

“पाण्याची योजना आजच्या लोकसंख्येवर आखायची नसते,” साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी जरब आली होती. “ती तीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येवर आखायची असते. आज एक आहे. पुढचं कुणी पाहिलंय?”

मासेवाला गुपचूप खोकं काढायला गेला. पाइपावर बसवायची एक झडपही त्याने दिली. लाइट गेली आणि पंप बंद पडला, की वरच्या टाकीतलं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली येतं, ते अडवणारी झडप.

“आणि ही अडकली तर?” मेव्हण्याने विचारलं.

“झडप अडकत नाही,” साहेब म्हणाले. “माणसं अडकतात.”

टाकी आली, बसली. मेव्हणाही तिच्याबरोबर मुक्कामालाच राहिला. जुनं पाणी, जुने दगड, जुनी वाळू सगळं तिच्यात गेलं. मधल्या काळात जाऊबाई बादलीत होत्या, भाडेकरू पातेल्यात होता, आणि गोगलगाय कुठे होती हे कुणीच पाहिलं नाही. जुना पंप मेव्हण्याने कचऱ्यात टाकायला उचलला, तेव्हा साहेबांनी त्याचं मनगट धरलं.

“चालू स्थितीतली वस्तू टाकायची नसते. स्टँडबाय!”

जुना पंप नव्या टाकीच्या कोपऱ्यात गेला, त्याच चौथ्या क्लिपने, नाकासमोर सरळ. त्याची वायर भिंतीवर उंच लावलेल्या इन्व्हर्टरला जोडली. मग साहेबांनी एखाद्या धरणाचे दरवाजे उघडावेत तसं मोठ्या पंपांचं बटण दाबलं.

टाकीत वादळ उठलं. तळची वाळू उठून पार वर गेली, आणि काही क्षण टाकीत पिठूळ पाणी सोडून काही दिसेना. वाळू खाली बसली तेव्हा भाडेकरू गायब होता.

“भावोजी, तो बघा! जाळीला चिकटलाय!”

“टेकलाय जरा,” साहेब म्हणाले.

“अहो, टेकलाय काय! सोलून निघेल तो!”

भाडेकरूला चमच्याने सोडवलं. तो तिरका पोहत एका दगडाच्या फटीत शिरला आणि तिथून त्याने दोघांकडे असं पाहिलं, की मेव्हण्याने नजर चुकवली. जाऊबाई तर इतक्या मिटल्या की आता ब्रशही दिसेना, नुसता दांडा.

“झोत एकेकटा जातोय, म्हणून असं होतंय,” मेव्हणा म्हणाला. “समोरासमोर आपटवा दोन्ही. कारखान्यात आम्ही असंच करतो. मध्ये हवा कशी मस्त घुसळते.”

दोन्ही झोत समोरासमोर आपटवले. ते जिथे आपटले ती जागा बरोबर जाऊबाईंची होती. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंची एक फांदी पांढरी पडली, आणि त्याच्या पुढच्या दिवशी तिच्यातला मऊ जीव सुटा होऊन टाकीभर गरगरत राहिला. फेसाच्या यंत्रापाशी तो अडकला तेव्हा साहेबांनी तो हाताने काढला. तो तळहातावर घेऊन ते गॅलरीत गेले. तिथल्या एका कुंडीत पुरला. कुंड्या रिकाम्याच होत्या.

“ताईला काय सांगू मी,” मेव्हणा पुटपुटला, आणि मग ताईला आता काहीच सांगायचं नाही हे आठवून त्याने नाक शिंकरलं.

साहेबांनी मात्र हार मानली नाही. हार मानायची म्हणजे जाऊबाईंना दुकानात नेऊन देणं, आणि त्या निळ्या अंधारात ठेवून घरी येणं. असं एकदा कुणाला तरी ठेवून ते घरी आले होते, पुन्हा ते जमणार नव्हतं.

“तळाचं पाणी हलत नाहीये,” त्यांनी जाहीर केलं. “खरा दोष तिथे आहे.” आणि वर परत येणाऱ्या पाण्याच्या पाइपाचं तोंड, जे पृष्ठभागाशी होतं, ते त्यांनी खाली नेऊन पार तळाशी सोडलं.

“लाइट गेली तर?” मेव्हण्याने विचारलं. “मग तळापर्यंतचं सगळं पाणी खाली येईल.”

“झडप आहे ना!”

शनिवारी दुपारी लाइट गेली.

साहेब झोपले होते. पंपांच्या घरघरीची इतकी सवय झाली होती, की ती थांबल्यानेच त्यांना जाग आली. क्षणभर बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत घर इतकं शांत नव्हतं. मग त्या शांततेत हळूच एक आवाज यायला लागला, कुणीतरी मोठ्या तांब्याने घटाघटा पाणी प्यावं तसा. साहेबांनी उठून पाय खाली ठेवला, तो पाण्यात.

“झडप अडकली!” बाहेरच्या खोलीतून मेव्हणा ओरडला.

“झडप अडकत नाही!” चपला शोधत साहेब ओरडले. चपला दारापर्यंत पोहत गेल्या होत्या.

वरच्या टाकीतलं पाणी पाइपातून उलटं खाली येत होतं, खालची लहान टाकी केव्हाच भरून वाहत होती, आणि कपाटातून पाण्याचा ओहोळ निघून सोफ्याखालून दाराकडे चालला होता.

“प्लग भिजताहेत! मेन बंद कर!” साहेब म्हणाले. मेव्हण्याने मेन बंद केलं आणि जमिनीवर पंचे, चादरी, साहेबांच्या निवृत्तीच्या समारंभातल्या शालींचा ढीग, जे हाताला येईल ते टाकायला सुरुवात केली. साहेब स्टुलावर चढले, खांद्यापर्यंत हात टाकीत घातला आणि तळाशी गेलेला पाइप सर्व ताकदीनिशी वर ओढला. ओढताना कोपर कशावर तरी आपटलं, पण तेव्हा ते बघायला वेळ कुणाला होता! पाइपाने हवा गिळली, एक ढेकर दिली, आणि पाणी थांबलं. तोवर अर्धी टाकी रिकामी झाली होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचे सर्व्हेअर उभे होते. आगी, पूर, अपघात यांत नेमकं किती नुकसान झालं हे विमा कंपनीसाठी ठरवणं हे त्यांचं काम. हातात टॉर्च होता आणि डोक्यावर एक ओला डाग.

“वरून पाणी गळतंय,” ते म्हणाले. मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाले, “खारट आहे.”

“हो, असणारच. समुद्राचं—”

“नाही, मला वाटलं...” सर्व्हेअर अवघडले. “वहिनी गेल्यापासून तुम्ही एकटेच असता. आणि पाणी खारट. म्हटलं, वर जाऊन बघावं.”

सर्व्हेअरनी खोलीभर टॉर्च फिरवला, ओल्या सोफ्याखाली वाकून बघितलं, आणि सवयीने विचारलं, “कारण?”

मेव्हण्याने पाइप उघडून झडप हातात घेतली होती. तिची पाकळी मिटलेली नव्हती. पाकळी आणि कडेच्या मध्ये, अंग नीट सावरून, कायम रजेवरची कर्मचारी बसली होती. टाकी बदलताना पाइप पाण्यात पडून होता, तेव्हा ती आत शिरली असणार. तिने शिंगं बाहेर काढून तिघांकडे बघितलं आणि परत आत घेतली.

“कारण, गोगलगाय,” मेव्हणा म्हणाला.

“ही नैसर्गिक आपत्तीत बसत नाही,” सर्व्हेअर गंभीरपणे म्हणाले.

कुणीच हसलं नाही. साहेब ओल्या जमिनीवर भिंतीला टेकून बसले. टाकीत पाणी अर्ध्यावर आलं होतं, जाऊबाई जेमतेम बुडालेल्या होत्या. “उद्या दुकानात देऊन टाकतो,” ते म्हणाले. “तिने एवढंच सांगितलं होतं मला. मोठं काही मागितलं नव्हतं. रोज मी तिच्या नावाने उठतो आणि रोज तिचीच वस्तू मारतो. माझ्याने नाही होत रे हे.”

मेव्हणा निवृत्तीची शाल बादलीत पिळत राहिला. सर्व्हेअर मात्र पँट वर ओढून साहेबांशेजारी खाली बसले.

“आमच्या कामात,” ते म्हणाले, “गेलं किती ते शेवटी मोजतात. आधी राहिलं किती ते मोजायचं. चला, मी पंचा आणतो खालून.”

तिघांनी मिळून खोली पुसली. अर्धी टाकी नव्या खाऱ्या पाण्याने भरली. संध्याकाळी लाइट आली, पण प्लग ओले होते आणि वायरमन दुसऱ्या दिवशी येणार होता, म्हणून मेन बंदच ठेवलं. टाकीत इन्व्हर्टरवरचा तो जुना पंप तेवढा चालू होता, मांजर घुरघुरावं तसा.

रविवारी सकाळी साहेब उठले. जाऊबाईंना न्यायला बादली घेतली, आणि टाकीसमोर येऊन थांबले. बादली हातातच राहिली.

जाऊबाई उघडल्या होत्या.

सगळ्या नव्हे. एक फांदी गेलीच होती, दुसरीही जाण्याच्या वाटेवर होती, आणि त्या काही परत येणार नव्हत्या. पण उरलेल्या फांद्यांवर हिरवी बोटं बाहेर आली होती आणि टोकांच्या हातोड्या हलके हलके डुलत होत्या. भाडेकरू त्यांच्यात अंग घुसळत होता.

साहेबांचे डोळे भरून आले. ते टाकीभोवती फिरले, पुन्हा फिरले. आणि मग त्यांना कोपऱ्यातला पंप दिसला. कालच्या धक्क्याने तो फिरला होता. मान वाकडी करून, काचेकडे तोंड करून बसला होता. हुबेहूब पूर्वीसारखा.

“ही पण गेली ढिली!” साहेब म्हणाले, बाही सरसावली आणि पंप सरळ करायला हात पाण्यात घातला. तेवढ्यात मेव्हण्याने दार उघडलं. लेक पिशव्या घेऊन आत आली, आणि दारातच किंचाळली.

“बाबा! काय करताय?”

“सरळ करतोय. क्लिप—”

“अहो, राहू द्या तसाच! आई मुद्दाम ठेवायची तो तसा!”

साहेबांचा हात पाण्यातच राहिला. “मुद्दाम?”

“रोज. तुम्ही ऑफिसात गेलात, की आई तो काचेकडे वळवायची. नंतर निवृत्त झाल्यावर, तुम्ही दुपारी झोपलात की तेव्हा. झोत अंगावर आला तर जाऊबाई मिटतात, काचेवर आपटून आला तर उघडतात. आईने बघून बघून शोधलं होतं ते.”

“मग क्लिप?”

“क्लिपला काय झालंय?”

“चारही चांगल्या होत्या?” मेव्हण्याने मागून विचारलं, आणि साहेबांनी बघितल्यावर तो स्वयंपाकघरात गेला.

“मला कुणी सांगितलं का नाही?” साहेबांचा आवाज चिरकला.

लेक पिशव्या खाली ठेवून जवळ आली. “मी म्हटलं होतं आईला, की बाबांना एकदा सांगून टाक. तर म्हणाली, ‘राहू दे गं. सकाळी काहीतरी दुरुस्त केलं, की त्यांचा दिवस बरा जातो.’”

“आणि तू? वर्षभर तूही गप्प?”

“मी कशाला बोलू? तुम्ही फोटो पाठवत होतात ना! सगळ्या फोटोंत जाऊबाई फुललेल्या, आणि कोपऱ्यात पंप काचेकडे वळलेला. मला वाटलं, बाबांना कळलं. मी एकदा रडलेसुद्धा त्यावर.”

बायकोचा फोन मेजावर पडलेला होता. लेकीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पांढऱ्या फांदीकडे पाहिलं. तिला सगळं समजलं, आणि ती काही बोलली नाही, हे साहेबांनाही समजलं. आईचं वळण.

हॉस्पिटलातलं ते हसू त्यांना आठवलं. ‘रोज सकाळी सरळ करीन,’ असं आपण छातीठोकपणे सांगितलं आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. अजून एक श्वास पुरला असता तर तिने सांगितलं असतं का? साहेबांना वाटलं, नसतं सांगितलं. हात थोपटला असता आणि राहू दिलं असतं.

त्यांनी हात पाण्याबाहेर काढला आणि बराच वेळ तो पुसलाच नाही.

मोठे पंप खोक्यात परत गेले, तीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येसाठी.

सोमवारी सकाळी साहेब नेहमीच्या वेळी उठले. लेक अजून झोपली होती. ते सवयीने टाकीपाशी गेले, सवयीने बाही सरसावली, आणि पंप नाकासमोर सरळ केला. मागे सरकून पाहिलं. छान दिसत होता. मग त्यांनी चहाचं आधण ठेवलं. आधणाला उकळी येईपर्यंत जाऊबाई अंग चोरायला लागल्या होत्या.

साहेबांनी लेकीच्या खोलीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. कुणी बघत नाही अशी खात्री करून त्यांनी चोरपावलांनी येऊन हात पाण्यात घातला आणि पंप हळूच काचेकडे वळवला.

“बाबा?” खोलीतून झोपाळू आवाज आला. “काय झालं?”

“काही नाही गं, झोप तू,” साहेब म्हणाले. “क्लिप. परत ढिली झाली.”